भुताचा सिनेमा आणि थांबलेले माग

भुताच्या हळू चालणाऱ्या सिनेमात भीती नसते म्हणता? सुरतेत आमचा सुपडूही तेच म्हणायचा. एका दुपारी लूमच्या खात्याला, म्हणजे मागांच्या कारखान्याला, लागून असलेल्या खोलीत आम्ही व्हिडिओ लावला होता.

"तासभर बाई नुसती जिना चढतेय. काहीच होत नाही!"

"अरे, त्यातच तर भीती आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात शेजारचे सगळे माग एकदम थांबले. टीव्ही मात्र चालूच. म्हणजे लाईट गेली नव्हती, कोणीतरी खात्याचा मेन स्विच पाडला होता. माणूस मागाच्या पट्ट्यात सापडला तरच तो पाडतात. पाळीवर सुपडूचा धाकटा भाऊ होता.

आम्ही ताडकन उठलो.

मग दारात भाऊच आला. अर्धा सदरा पट्ट्याने ओढून नेलेला. मटकन खाली बसला आणि टीव्हीकडे बघून म्हणाला,

"सिनेमात काय झालं?"

त्याचा हात घट्ट धरून सुपडू म्हणाला, "काहीच नाही रे. काहीच होऊ नये."