बाळ शांत कधी झालं?

मंडळी, सुनंदाच्या फोटोसमोर तुम्ही मला बोलायला उभं केलंत. शिकवणाऱ्यानं शिकणारीबद्दल असं बोलायचं नसतं हो. क्रम चुकतो. मध्येच थांबलो, तर सांभाळून घ्या.

महाल भागातल्या आमच्या शाळेत ती सहावीत होती. मी डोळे मिटून कविता म्हणायचो. पाखरं, संध्याकाळ, नदीकाठ. वर्ग डोलायचा. आणि ऐन रंगात हिचा आवाज, "पण सर, काहून?" मी म्हणायचो, "सुनंदा, काहून नाही, का म्हणावं." ती म्हणायची, "बरं सर. का? पण काहून?"

हसा, हसा. तिलाही आवडलं असतं.

पुढे ती नर्स झाली, मग गावोगावच्या आशाताईंना शिकवू लागली. नवजात बाळ गेलं की त्या घरी जायचं, आईजवळ बसायचं, कशानं गेलं ते विचारून लिहायचं. इथे बसलेल्या तायांनो, ते विचारणं किती जड असतं, तुम्हाला मी काय सांगू? तिला प्रश्न सोप्या मराठीत हवे होते. आली माझ्याकडे. 'बाळ केव्हा मेलं?' हे माझ्या हातून लिहवेना. मी लिहिलं, 'बाळ शांत कधी झालं?' लिहून स्वतःवरच खूश झालो.

महिन्याभरानं ती कागदांचा गठ्ठा घेऊन आली. "सर, हे काय करून ठेवलं तुम्ही? एक आई म्हणते, 'सकाळीच शांत झालं जी. दूध बी नाही मांगितलं. मले वाटलं, पोट भरलं.' आशाताईनं लिहून टाकलं, मृत्यू सकाळी. बाळ गेलं दिवेलागणीले, सर!"

मी खोडायला पेन काढला. तिनं माझा हात धरला. "खोडू नका. दोन्ही विचारू. शांत कधी झालं, अन् गेलं कधी. या दोघाच्या मधात जितका वेळ हाय ना सर, तितकाच आपल्या हातचा."

तेव्हापासून प्रत्येक वर्गात ती सांगायची, रडणाऱ्या लेकराले भिऊ नका. गप्प पडलेल्याले भ्या.

गेल्या सोमवारी दुपारी मी तिला फोन केला. एक जुनी कविता आठवली होती. सगळी कडवी म्हटली. तिनं एकदाही टोकलं नाही. एकदाही काहून नाही. शेवटी म्हणाली, "छान आहे सर." मी फोन ठेवला आणि घरभर सांगत सुटलो, अखेर सुनंदाला कविता कळली!

दिवेलागणीला तिच्या यजमानांचा फोन आला. हृदय बंद पडलं. सकाळपासून अंगात त्राण नव्हतं म्हणे. कोणाला बोलली नाही.

त्या मधल्या वेळात मी होतो, मंडळी. मीच होतो.

तिचा वर्ग आता बंद आहे. तिच्या जागी कोणी येईल असं मला वाटत नाही. परवा एका ताईंनी ताजा कागद दाखवला. मृत्यूचं कारण : देवाची मर्जी. मास्तरकीच्या सवयीनं मी खाली लिहिलं, काहून? लिहिलं खरं. पण ते आता वाचणार कोण?

मला चिठ्ठी आली आहे, सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगा. तो शब्द आज माझ्या तोंडून निघत नाही. नुसते उभे राहू या. आणि मागे कोण्या ताईच्या कडेवर लेकरू रडतंय. बाई, त्याला बाहेर नेऊ नका. रडू द्या.