शत्रू आले ग्वाल्हेरहून

आंबा वाचला. छे, मी कुठला वाचवतोय! मी तर नुसता इंदुरात महूच्या मोटारीच्या रांगेत उभा होतो. पुढे दोघे होते: होळकरी फौजेतून निवृत्त झालेले जयसिंगराव, आणि भोकं पाडलेला डबा सांभाळणारे शेती खात्यातले दत्तोपंत.

"पंत, ही फांदी पाहा. पांढरी कीड पिठासारखी चिकटलीय, मोहोर काळा पडला. उद्या झाडावर कुऱ्हाड."

"थांबा हो, जयसिंगराव. डब्यात लाल ठिपकेवाले भुंगे आहेत. ते हीच कीड खातात. आमचे साहेब त्यांना नैसर्गिक शत्रू म्हणतात."

"आले कुठून?"

"ग्वाल्हेरहून."

"शत्रू, और वो भी ग्वाल्हेरचे! माझ्या आंब्यावर?"

"किडीचे शत्रू. तुमचे नव्हेत."

"हे त्यांना कोणी सांगितलंय?"

"फांदी आत सरकवा, तेच सांगतील."

"घ्या... अरे बाप रे! पंत, हा तर नाश्त्यालाच बसला!"

"मग उद्याची कुऱ्हाड?"

"गई चूल्हे में! पण दर हिवाळ्यात आपल्या राज्याची राजधानी इंदुरातून ग्वाल्हेरला हलते, सगळी सरकारी कचेरी सामानासकट जाते. तेव्हा हे भुंगेही जाणार?"

"हा विचार खात्यानं केलेला नाही."

"मग लिहा, भिया. सदरहू भुंगे ग्वाल्हेरचे असूनही त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे. सबब राजधानी हलतेवेळी त्यांची बदली करू नये, व त्यांस इंदुरातच माझ्या आंब्यावर कायम करण्यात यावे, ही विनंती."