शेतावरचा पाहुणा

"परागला एकट्याला शेतावरच्या सहलीला पाठवू नकोस," असं सासूबाईंनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं आणि नवऱ्याला खुशाल जाऊ दिलं. आज आमच्या चिक्कडपल्लीच्या दवाखान्यात बाळाच्या लशीसाठी बसले होते, तर शेजारी एक बहीणभाऊ बोलत होते.

"हणमंता, पंचायत तुझं मेडचलचं फार्मस्टे बंद करणार म्हणे?"

"फिकर नक्को, ताई. पाहुणे शेतीचं काम करत असले, की पंचायतीला अडवता येत नाही."

"आणि नुसते झोपले तर?"

"मग ते हॉटेल होतंय, परवानगी लागतीय. म्हणून मी झोपूच देत नाही."

"ते चिक्कडपल्लीचे परागराव?"

"सकाळपासून शेण काढतायत. पंचायतवाले समोर खुर्च्या टाकून बसलेत."

"अगं बाई, थकले असतील की!"

"हौ, पण परागराव बसले की शेताला टाळं!"

वाचकहो, परागचा फोन लागत नाही. मेडचलकडे जाणार असाल, तर त्याच्याकडे जरा बघून या. पंचायतवाल्यांना गप्पांत गुंतवा, म्हणजे तेवढीच त्याला पाठ टेकता येईल.