गाडी कुणाच्या हातात तापते

गॅरेजच्या बाकावर मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण पान उलटत नव्हतं. शेजारी एक जोडपं मेकॅनिकशी बोलत होतं.

"हिच्या हातात दिली की गाडी तापते. शेवटी किल्लीच काढून घेतली."

"आणि तुमच्या हातात, साहेब?"

"काटा हलत नाही! चालवायला अक्कल लागते."

"एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरतोय, बंद केला की थांबतोय. सेन्सर गेलाय. एसीशिवाय कुणीही चालवली तरी तापणारच."

"आम्ही एसी लावतच नाही हो दादा. पेट्रोल खातो म्हणून यांची सक्त मनाई आहे."

"मग साहेबांच्या हातात कशी तापत नाही?"

"अहो, सांगा ना त्यांना."

"ते... काचेवर वाफ धरते कधीकधी."

"या उन्हाळ्यात? आणा ती किल्ली इकडे. आणि सावलीत उभे राहा, तुम्हाला गारव्याची सवय आहे."