आजीच्या स्वेटरचं लेबल

स्पर्श न सोसणाऱ्या मुलांच्या थेरपीच्या खोलीबाहेर मुलाला घेऊन पहिल्यांदाच आलेली आई शेजारी बसलेल्या आजी-आजोबांचं बोलणं ऐकत होती.

"नातीला लेबल टोचतं, तर तिच्या कपड्यांची कापा. माझ्या स्वेटरनं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"ती तुझ्या कुशीत आली तर टोचेल ना."

"दोन वर्षांत अंगाला हात तरी लावू दिलाय का तिनं?"

"म्हणून काय तयारी ठेवायची नाही?"

"तुमचं आपलं काहीतरीच!"

दार उघडलं. आत झोक्यावर खेळून आलेली नात सरळ आजीला बिलगली.

"हळू नको गं, आजी, हळू हात टोचतो. आतल्या ताई धरतात तसं घट्ट धर."

आजीनं घट्ट धरलं. मग ती आजोबांकडे वळून हळूच म्हणाली,

"अहो, त्या नव्या शालीचं लेबल राहिलंय हो."