पुढच्याने वारा खायचा

थोरला : पाय सैल सोड. मलम नीट चोळू दे.

धाकटा : राहू दे ना दादा. धुकं उतरलं की घाटमाथ्यावरचं फाटक पाडतात, मग यंदाही आपला चढ अपुरा राहील. तू निघ पुढे.

थोरला : निघ म्हणे! पोटऱ्यांत गोळे आलेत माझ्या. जरा दम खातो, तोवर तुझा गुडघाही मोकळा होईल.

धाकटा : फारच दमलायस तू.

थोरला : दमेन नाहीतर काय! खालच्या पुलापासून एकटाच पुढे आहे मी. वारा असा तोंडावर, की सायकल जागची हलेना.

धाकटा : दर मैलाच्या दगडाला बदलायचं ठरलं होतं आपलं. एकाने पुढे राहून वारा खायचा, दुसऱ्याने त्याच्या मागे आडोशाला राहायचं.

थोरला : ठरलं होतं रे. पण तुझा गुडघा धरला, त्याला तू तरी काय करणार? इथं दुखतं?

धाकटा : आई गं! हो, तिथंच.

थोरला : हा उजवा आहे. सकाळी डावा म्हणाला होतास.

धाकटा : हो का? म्हणजे, डावाच. आता उजव्यातही...

थोरला : माझ्याकडे बघून बोल.

धाकटा : दादा, कुठलाच दुखत नाहीये.

थोरला : काय?

धाकटा : शेवटच्या वळणावर तुला मागे टाकायचं होतं. लहानपणापासून प्रत्येक चढ तूच आधी चढलायस. म्हटलं, एकदा तरी पाय ताजे ठेवावेत.

थोरला : आणि मी गाढवासारखा मागे वळून विचारतोय, बरा आहेस ना, पाणी हवंय का! मान डोलावत होतास तू!

धाकटा : सांगणार होतो, शप्पथ. पण तुझी घामाने भिजलेली पाठ बघितली की जीभच उचलेना. मग आणखी एक दगड जायचा.

थोरला : लाज नाही वाटली? गेल्या वर्षी तुझं टायर फुटलं, तुझ्यासाठी थांबलो, फाटक हुकलं. डॉक्टर नको म्हणतोय, तरी तुझ्या वहिनीच्या हातापाया पडून आलोय. यंदा शेवटचं, असा शब्द दिलाय तिला!

धाकटा : माहितीय. म्हणून तर मेल्याहून मेल्यासारखं झालंय. ऊठ. मी पुढे होतो. नजर माझ्या मागच्या चाकावर ठेव.

थोरला : आता पुळका आला!

धाकटा : शिव्या मागून दे, हव्या तेवढ्या. पण चल.

(दोघं पुन्हा चढाला लागतात. धाकटा पुढे, थोरला त्याच्या चाकाला चिकटून.)

धाकटा : दादा, आहेस ना?

थोरला : आहे. हळू ने जरा.

धाकटा : हळू? तू?

थोरला : हो, मी. पायांत काही उरलं नाही.

धाकटा : हे बघ, शेवटचं वळण! दिसलं फाटक! काका! अहो फाटकवाले काका! थांबा, दोघंच आहोत! आलोच आम्ही!

थोरला : ओरडू नकोस. पाडलं त्याने फाटक.

धाकटा : मी विचारतो त्याला. पाया पडतो. हा काय पन्नास पावलांवर तर आहे!

थोरला : कुणाच्या पाया पडायचं नाही. धुकं उतरलंय, तो त्याचं काम करतोय.

धाकटा : माझ्यामुळे गेलं तुझं. दोन थोबाडीत तरी दे.

थोरला : हात उचलायचीही ताकद नाही. सायकल धर माझी, बसू दे.

धाकटा : घरी गेल्यावर वहिनीला मीच सगळं सांगतो. काय बोलायचं ते मला बोलू दे तिला.

थोरला : काही सांगायचं नाही. तुझं हे आयुष्यभर लक्षात ठेवेल ती.

धाकटा : ठेवू दे. तुझा राग गेला का?

थोरला : नाही गेला. इतक्यात जाणारही नाही.

धाकटा : मग विचारलं तिने, तर म्हणायचं तरी काय?

थोरला : म्हणावं, वारा फार होता.