बाहेरच्याचं झाड

माझं माहेर तळेगावच्या वर मावळात, पावसाचं गाव, आन् लगीन होऊन आले ती ह्या चाकणच्या अंगाला, तवा इथं समदी शेतीच होती बरं का ताई, ज्वारी, कांदा, आता बघाल तिकडं कंपनीच्या भिंती. आमचंबी रान गेलं, आलेल्या पैशात मालकांनी खोल्या बांधल्या भाड्यानं द्यायला, मग मालकबी गेले, मी कंपनीच्या कॅन्टीनला चपात्या लाटते अजून.

तर त्या झाडांचं इचारलंत तुमी. काय सांगू तुम्हाला, आमच्यात कोन गेलं की तिसऱ्या दिवशी सावडायचं आन् राख इंद्रायणीत सोडायची, पन त्या नदीला फेस यायला लागला हो, साबनाच्या पान्यावानी. सासूची राख त्या फेसात सोडताना मला भडभडून आलं, म्हनलं, मानसानं जल्मभर राबायचं आन् शेवटाला ह्या घानीत जायचं? तवा गावानं ठरवलं, गायरानात खड्डा घ्यायचा, राख त्यात घालायची, वर झाड लावायचं आन् नावाची पत्र्याची पाटी. आमी बायांनी हंड्यानं पानी वाहिलं त्या माळावर. आज रान झालंय तिथं, चांगलंच केलं गावानं, न्हाई कोन म्हनतंय?

माझा अक्षय, एकुलता एक, आन् आमच्या खोलीत भाड्यानं राहायचा तो किशोर, हिंगोलीकडचा, दोघं एकाच कंपनीत, एकाच गाडीवर जायचे. किशोर मला मावशी म्हनायचा, जेवायला माझ्याकडंच. सेकंड शिफ्टला निघाले आन् चौकात कंटेनरनं दोघांनाबी... जाऊ द्या, ते न्हाई सांगत. अक्षयची राख माळावर ठेवली, वर कडुलिंब लावला. किशोरला त्याच्या गावाला नेलं.

महिन्याभरानं त्याची आई आली, पेटी न्यायला, पदराला पुरचुंडी बांधलेली, लेकाची राख. म्हनली, बाई, आम्ही ऊसतोडीची मानसं, अर्धं वरीस गावाबाहेर, तिकडं ना शेत ना बांध, माझं लेकरू त्याच्या दोस्ताशेजारी राहू द्या, झाडाला कुनी पानी तर घालंल. दोघींनी मिळून शेजारीच खड्डा घेतला, राख घातली, कडुलिंबच लावला. यष्टीत बसताना तिनं सगळ्यांना जय भीम घातला.

आन् आठ दिवसांत रोप उपटून फेकलेलं! कोनी, तर माझ्याच दिरानं, सरपंच हायेत ते. म्हनले, वहिनी, ही जागा गावच्या मानसांची, बाहेरच्यांना घ्यायला लागलो तर उद्या आपल्याला उरंल का? बाहेरचा! अरं, बाहेरच्यांच्या भाड्यावर तुमच्या दारात चारचाकी उभी हाय, ते भाडं घेताना न्हाई आठवला गाव? आन् बाहेरचा हे नुसतं तोंडानं, पोटात काय हाय ते मला कळत न्हाई व्हय? तो जय भीम ऐकला होता की समद्यांनी. मी परत लावलं, परत उपटलं. ग्रामसभेत बोलले तर बाया खाली बघतात, गडी मोबाईल बघतात. थू तुमच्या जिंदगानीवर, तोंडावर म्हनलं मी.

तिकडून त्या माउलीचा व्हिडिओ कॉल यायचा, बाई, दाखवा की माझ्या किशोरचं झाड. काय दाखवू? अक्षयचं दाखवायचे. ती मोबाईलवरनंच हात फिरवायची, केवढं झालं गं माझं लेकरू, म्हनायची, आन् फोन ठेवला की मला रडूबी यायचं आन् गावाचा संताप संताप व्हायचा.

औंदा म्हनली, तोडीला निघायच्या आधी येते, एकदा माझ्या हातानं पानी घालते. सर्वपित्रीला सगळा गाव नैवेद्य घेऊन माळावर येतो, त्या दिशी समद्यांसमोर मी अक्षयची पाटी सोडली आन् त्याच झाडाला किशोरची बांधली. दीर धावत आले, वहिनी, डोकं फिरलं का तुमचं? म्हनलं, व्हय, फिरलंय. उपटा आता. खाली तुमचा सख्खा पुतण्या हाय, लावा हात. कोन जागचं हललं न्हाई.

मग शेजारी, किशोरची राख अजून खाली होती त्या खड्ड्यावर नवा कडुलिंब लावला, आन् त्याला अक्षयची पाटी बांधली.

परवा येतीये ती. झाडाखाली बसवीन, भाकर खाऊ घालीन, खरं काय ते सांगनार न्हाई. माझं काळीज तुटतं ताई, न्हाई असं न्हाई, पोराची राख एकीकडं आन् नाव एकीकडं. पोरं सुखी राहोत, जिथं असतील तिथं. गावाचं भलं होवो म्हनायला मातर अजून तोंड उघडत न्हाई माझं. आन् अक्षयचं नाव लागल्यापास्नं त्या रोपाला गाव काय जपतोय म्हनून सांगू, कुंपन घातलंय, दीर सोता सकाळी कळशी आनून ओततात. राख किशोरची हाय. त्यांना ठाव हाय, मलाबी ठाव हाय. ओता म्हनावं.